नुनावुतची शाळा : जाणे सोपे, टिकणे अवघड

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील बहुतेक शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात. त्यामुळे जुलै सरत आला, की ओटावा, विनिपेग आणि यलोनाइफ या तीन शहरांच्या विमानतळांवरून नवे शिक्षक उत्तरेकडे निघू लागतात. यांतील अनेक जण नुकतेच शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेले, पंचविशीच्या आसपासचे असतात. दक्षिणेतील मोठ्या शहरात कायम नोकरीसाठी ताटकळत बसण्यापेक्षा उत्तरेत जावे, पगार बरा मिळतो, राहायला घर मिळते, शिवाय ध्रुवप्रदेश पाहण्याची हौसही भागते, असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा मात्र आहे.

नुनावुतला शिक्षकांची टंचाई ही नित्याची बाब आहे. पात्रता असलेल्या उमेदवाराला तेथे काम मिळणे त्या मानाने सोपे. पण मिळालेल्या कामावर टिकून राहणे कठीण. एक वर्ष, फार तर दोन वर्षे काढून परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काही जण तर नाताळच्या सुट्टीसाठी जातात ते परत येतच नाहीत. याची किंमत शिक्षकाला फारशी मोजावी लागत नाही. ती मोजतात मागे राहिलेली मुले. त्यामुळे नव्या शिक्षकाकडे ही मुले आरंभी अलिप्तपणे पाहतात. पाच-सहा शिक्षक आले-गेलेले पाहिल्यावर सातव्याशी घाईने जवळीक करू नये, हा शहाणपणा त्यांना लहान वयातच आलेला असतो.

रस्ता नसलेला प्रदेश

'नुनावुत' या इनुक्तितुत भाषेतील शब्दाचा अर्थ 'आमची भूमी'. १ एप्रिल १९९९ रोजी वायव्य प्रदेशाचे विभाजन होऊन हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहा पटींहून अधिक. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र अवघी ३६,८५८. आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात याहून अधिक माणसे राहतात. रहिवाशांपैकी सुमारे ८५ टक्के इनुइट आहेत. (त्यांच्यासाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा 'एस्किमो' हा शब्द कॅनडात आता अवमानकारक मानला जातो. नव्या शिक्षकाने तो विसरलेलाच बरा.)

ही माणसे २५ वस्त्यांमध्ये विखुरलेली आहेत. राजधानी इकालुइटची लोकसंख्या साडेसात हजारांच्या आत, तर सर्वांत उत्तरेकडील ग्रीस फियॉर्डची २०२१ मध्ये होती १४४. यांपैकी कोणत्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही आणि दक्षिण कॅनडातून येथे येणाराही रस्ता नाही. ये-जा विमानाने करायची आणि अवजड सामान जहाजाने आणायचे. जहाजेही समुद्रावरचा बर्फ वितळल्यानंतरच, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात. वाणसामान, फर्निचर, मोटारी, घरबांधणीचे साहित्य, इंधन असा वर्षभराचा साठा या काही आठवड्यांत किनाऱ्यावर उतरतो. जुने शिक्षक वर्षाचे पीठ, तांदूळ, तेल, साबण याच जहाजाने मागवतात. ताजी भाजी, दूध आणि फळे विमानाने येतात व त्याप्रमाणे त्यांची किंमत असते. दूरच्या वस्त्यांतील अन्नपदार्थ थोडे स्वस्त व्हावेत म्हणून कॅनडा सरकार २०११ पासून 'न्यूट्रिशन नॉर्थ' या योजनेखाली अनुदान देत आहे. तरीही दुकानातील किमतीच्या चिठ्ठ्या पाहून नवखा माणूस पहिल्या दिवशी हबकतोच.

तो निदान पगारदार असतो. इनुइट कुटुंबांची स्थिती वेगळी आहे. २००७-०८ मध्ये झालेल्या आरोग्य सर्वेक्षणात नुनावुतमधील शाळापूर्व वयाच्या इनुइट मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुले पुरेशा अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत राहत असल्याचे आढळले होते. येथील अनेक शाळांत सकाळची न्याहारी दिली जाते, ती याच कारणाने. पहिल्या तासाला पेंगणारे मूल आळशी आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याने काही खाल्ले आहे का, रात्री त्याला झोपायला जागा मिळाली होती का, हे विचारावे लागते.

जागेचा प्रश्न खरोखरच बिकट आहे. २०२१ च्या जनगणनेत नुनावुतमधील निम्म्याहून अधिक इनुइट दाटीवाटीच्या घरांत राहत असल्याची नोंद झाली. बाहेरून आलेल्या शिक्षकाला मात्र नोकरीबरोबर सरकारी निवासस्थान मिळते. भाडे द्यावे लागते, पण सवलतीचे. त्याच गावात जन्मलेल्या इनुइट शिक्षिकेला असे घर मिळेलच असे नाही, ही स्थानिकांची जुनी तक्रार आहे. दोन खोल्यांच्या ऊबदार घरात एकटा राहणारा शिक्षक आणि तीन पिढ्यांसह तेवढ्याच जागेत राहणारा त्याचा विद्यार्थी, हे चित्र दोघांनाही रोज दिसत असते.

थंडी, काळोख आणि पाण्याची गाडी

थंडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. इकालुइटमध्ये जानेवारीत पारा सरासरी उणे २५ अंशांच्याही खाली असतो व वारा सुटला की तो त्याहून बोचतो. योग्य कपडे असले तर माणूस या थंडीला महिन्याभरात सरावतो, असे तेथे राहून आलेले सांगतात. काळोखाला सरावणे अधिक अवघड जाते. इकालुइट ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्याने डिसेंबरमध्येही तेथे चार-साडेचार तास दिवस असतो. पण रेझोल्यूट किंवा ग्रीस फियॉर्डला गेलेल्या शिक्षकाच्या वाट्याला नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून, किंवा त्याही आधीपासून, फेब्रुवारीपर्यंत सूर्य येत नाही. मुले अंधारात शाळेत येतात आणि अंधारातच घरी जातात. उन्हाळ्यात उलट प्रकार असतो. मे महिन्यात मध्यरात्रीच्या उजेडात मुले अंगणात खेळत असतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा राहतो.

जमीन कायमची गोठलेली असल्याने घरे खांबांवर उभी असतात व बहुतेक वस्त्यांत भूमिगत जलवाहिन्या नाहीत. घरोघरी पाण्याची टाकी असते. ती टँकरने भरली जाते व सांडपाणी दुसरी गाडी उपसून नेते. हिमवादळ दोन दिवस टिकले, तर गाडी येत नाही. आंघोळ सोडावी लागते, भांडी तशीच राहतात. टँकरची वाट पाहण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटणार नाही. फक्त येथे अडवणूक दुष्काळाची नसून वाऱ्याची असते. अशा वादळात शाळाही बंद राहते.

डॉक्टरांबाबतही आधीच माहिती असलेली बरी. बहुतेक वस्त्यांमध्ये परिचारिकांनी चालवलेले आरोग्य केंद्र असते. प्रदेशातील रुग्णालय इकालुइटला आहे. गंभीर रुग्णाला विमानाने हलवतात, बाळंतपणासाठीही बहुतेक स्त्रियांना काही आठवडे आधी गाव सोडावे लागते. नियमित उपचारांची गरज असलेल्या उमेदवाराने याचा विचार अर्ज करण्यापूर्वीच करायला हवा.

गळ्यातील चकती

मात्र नुनावुतला जाणाऱ्या शिक्षकाने हवामानाहूनही अधिक जाणून घ्यावा तो तेथील शाळेचा इतिहास. आज ज्या वस्त्या दिसतात, त्यांतील बहुतेक विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाढल्या. त्यापूर्वी इनुइट कुटुंबे ऋतूप्रमाणे शिकारीच्या तळांवर हिंडत असत. १९५० आणि १९६० च्या दशकांत सरकारने शाळा, दवाखाने व घरे बांधली आणि कुटुंबे वस्तीला आली. काही स्वखुशीने, काही दडपणाखाली. काहींना तर थेट हलवण्यात आले. १९५३ आणि १९५५ मध्ये उत्तर क्युबेकमधील इनुक्जुआकची कुटुंबे सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट व ग्रीस फियॉर्ड येथे नेऊन वसवली गेली. त्याबद्दल कॅनडा सरकारने २०१० मध्ये माफी मागितली. आजच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांपैकी अनेकांचा जन्म तंबूत किंवा बर्फाच्या घरात झालेला आहे.

इनुइट नावांचा घोळ नको म्हणून १९४१ पासून सरकारने प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. क्रमांक कोरलेली छोटी गोल चकती गळ्यात किंवा मनगटावर बाळगायची. पूर्वेकडील लोकांच्या क्रमांकाआधी 'ई' आणि पश्चिमेकडील लोकांच्या क्रमांकाआधी 'डब्ल्यू' हे अक्षर असे. १९७० च्या सुमारास एब ओक्पिक या इनुइट नेत्याने गावोगावी फिरून लोकांना आडनावे निवडायला सांगितली व ही पद्धत मागे पडली. हजेरीच्या वेळी मुलांची नावे चुकीची उच्चारणाऱ्या शिक्षकाकडे वडीलधारी मंडळी रोखून पाहतात, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

निवासी शाळांचा इतिहास याहून दुःखद आहे. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवण्यात आले. तेथे त्यांची भाषा बोलण्यास मनाई असे. अनेकांचा शारीरिक व लैंगिक छळ झाला. नुनावुतमध्ये चेस्टरफील्ड इनलेट येथील वसतिगृह व शाळा १९५५ ते १९६९ या काळात चालली. दूरदूरच्या तळांवरून विमानाने गोळा केलेली मुले तेथे आणली जात. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली, 'सत्य व सलोखा आयोगा'ने २०१५ मध्ये आपले काम पूर्ण केले आणि २९ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी इकालुइटला येऊन तेथील एका प्राथमिक शाळेत या शाळांतून वाचलेल्यांची भेट घेतली. हा इतिहास पुस्तकापुरता नाही. पालकसभेला न येणारी आजी शिक्षणाबाबत उदासीन असेलच असे नाही. शाळेच्या दारातून आत पाऊल टाकणेच तिला नकोसे होत असेल.

भुवई उंचावली म्हणजे 'हो'

वर्गातला पहिला गोंधळ साधासा असतो. शिक्षक प्रश्न विचारतो, मूल गप्प राहते. शिक्षक पुन्हा विचारतो, पुन्हा शांतता. प्रत्यक्षात मुलाने उत्तर दिलेले असते. इनुइट लोक भुवया उंचावून 'हो' म्हणतात आणि नाक आक्रसून 'नाही'. ही खूण कळली, की वर्ग एकदम बोलका वाटू लागतो.

इनुक्तितुत भाषा अवघड आहे. तिच्यात एका धातूला एकामागून एक प्रत्यय जोडत जाऊन आख्खे वाक्य एका शब्दात मावते. तिची लिपी मात्र मराठी माणसाला बाराखडीची आठवण करून देईल. अक्षर व्यंजन-स्वरांचे मिळून बनते आणि स्वर तीनच आहेत. एकच आकृती वेगवेगळ्या दिशांना फिरवली की 'कि'चे 'कु' होते, 'कु'चे 'का'. मूळची क्री भाषेसाठी एकोणिसाव्या शतकात तयार झालेली ही लिपी मिशनऱ्यांनी पुढे इनुक्तितुतसाठी वापरात आणली. पश्चिमेकडील काही वस्त्यांत इनुइनाक्तुन ही बोली असून ती रोमन लिपीत लिहितात. शिक्षकाने पहिल्या महिन्यात पन्नास शब्द शिकले तरी गावात त्याची दखल घेतली जाते.

भाषा हा येथील शिक्षणातला सर्वांत तापलेला विषय आहे. पहिली काही वर्षे अनेक शाळांत इनुक्तितुतमधून शिकवतात, त्यानंतर, साधारण चौथीच्या सुमारास, इंग्रजी सुरू होते आणि मुले दोन्हीकडून कच्ची राहतात. माजी न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी २००६ च्या अहवालात हेच निदान केले होते. त्या वेळी शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्या इनुइट मुलांचे प्रमाण चारांत सुमारे एक होते. २००८ च्या शिक्षण कायद्याने २०१९-२० पर्यंत सर्व इयत्तांत द्विभाषिक शिक्षण देण्याचे वचन दिले. पुरेसे इनुइट शिक्षकच नसल्याने ते पाळले जाणार नाही, हे महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात स्पष्ट झाले. २०२० मध्ये कायदा दुरुस्त करून मुदत टप्प्याटप्प्याने २०३९ पर्यंत नेण्यात आली. तेव्हा इनुइटांच्या हक्कांचे काम पाहणारी 'नुनावुत तुंगाविक' ही संस्था २०२१ मध्ये प्रादेशिक सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. स्थानिक शिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रम १९७९ पासून चालू आहे. पण त्यातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या गरजेच्या मानाने तोकडी आहे. बाहेरून येणारा शिक्षक ही पोकळी भरून काढतो खरा, पण तो येतो इंग्रजी घेऊन. त्याच्या येण्यातला हा पेच त्याच्या लक्षात आलेला असणे चांगले.

अभ्यासक्रमाचेही तसेच. वरच्या इयत्तांसाठी दीर्घकाळ दक्षिणेकडील अल्बर्टा प्रांताचा अभ्यासक्रम व परीक्षा वापरल्या गेल्या. नुनावुतचा बहुतांश भाग वृक्षरेषेच्या पलीकडचा आहे. जेथे झाड उगवत नाही तेथील मुलाने शेत, जंगल आणि महामार्गावरचे प्रश्न सोडवायचे, हा प्रकार आपल्याकडील आश्रमशाळांना अपरिचित नाही. कायद्याने मात्र शिक्षणाचा पाया इनुइटांचे पारंपरिक ज्ञान हाच ठरवला आहे. त्यातील एक तत्त्व 'पिलिम्माक्सार्निक' म्हणून ओळखले जाते: पाहावे, करून बघावे, पुन्हा करावे आणि अशा रीतीने कौशल्य अंगी बाणवावे. शिकारीला गेलेल्या मुलाला वडील फारसे समजावून सांगत नाहीत, मूल पाहत राहते. म्हणूनच वर्षातून काही दिवस गावातील ज्येष्ठांबरोबर मुलांना बाहेर बर्फावर नेण्याचा कार्यक्रम शाळा आखतात. त्या दिवशी शिक्षक विद्यार्थी होतो. स्लेजवर सामान कसे बांधायचे, हे त्याला बारा वर्षांचे मूल शिकवते. आदल्या दिवसापर्यंत गप्प असलेली मुले या सहलीनंतर त्याच्याशी बोलू लागतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

राहिलेल्यांची गोष्ट

थोडे जण राहतात. १९९८ मध्ये रस शेपर्ड हे तरुण शिक्षक कुग्लुक्तुक या वस्तीत आले. तरुणांच्या आत्महत्यांनी त्या गावाला ग्रासले होते. त्यांनी मुलांना लॅक्रोस हा खेळ शिकवून संघ उभारला. हळूहळू गावही त्यांच्या मागे उभे राहिले. २०१८ चा 'द ग्रिझलीज' हा चित्रपट याच संघावर आहे. नुनावुतच्या शेजारी, क्युबेक प्रांताच्या उत्तर टोकाला असलेल्या नुनाविक भागातील सालुइट गावात मॅगी मॅकडॉनेल यांनी सहा वर्षे शिकवले. मुलांसाठी व्यायामशाळा, धावण्याचा गट आणि सामुदायिक स्वयंपाकघर त्यांनी उभे केले. २०१७ मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना मिळाला होता, हे मराठी वाचकांना आठवत असेलच.

पण या गोष्टींनी भारावून जाऊन निघणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवायला हवी. नुनावुतमधील आत्महत्यांचे प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या अनेक पट आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तत्कालीन प्रादेशिक पंतप्रधान पीटर तप्तुना यांनी त्याला 'संकट' असे जाहीरपणे म्हटले. लहान गावात प्रत्येक मृत्यू घरचाच असतो, शाळा बंद राहते, दुसऱ्या दिवशी एक बाक रिकामा असतो आणि शिक्षकाला वर्ग घ्यावाच लागतो. उद्धारकर्त्याच्या आविर्भावात आलेला माणूस अशा प्रसंगी लवकर मोडतो. गावाच्या दुःखात न बोलता सहभागी होणारा, शवविधीला जाऊन मागे उभा राहणारा शिक्षक लोकांना चालतो.

जाण्यापूर्वी

नोकरीसाठी शिक्षणशास्त्राची पदवी आणि प्रदेशाचे अध्यापन प्रमाणपत्र लागते. भारतात पदवी घेतलेल्यांना तिचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, तसेच कॅनडात काम करण्याचा परवाना किंवा कायम वास्तव्याचा दर्जा हवा. मुलाखतीत गावातून निवडून आलेल्या शिक्षण मंडळाचे सदस्यही असतात. 'तुम्ही किती वर्षे राहणार?' हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे खरे उत्तर देणे इष्ट. पगाराशिवाय उत्तरेचा विशेष भत्ता मिळतो. गाव जितके दूर तितका तो मोठा. प्राप्तिकरातही सवलत आहे. मद्याबाबत प्रत्येक गावाचे नियम वेगळे असून काही गावांत पूर्ण बंदी आहे. सामानात बाटली सापडली तर नोकरीच्या आरंभीच अडचण व्हायची.

शाकाहारी उमेदवारांनी डाळी, कडधान्ये आणि मसाले मोजून न्यावेत. कॅरिबू, सील आणि आर्क्टिक चार मासा हे तेथील मुख्य अन्न; बेलुगा किंवा नारव्हाल देवमाशाची कातडी चरबीसह कच्ची खातात. पाहुण्याला तुकडा देणे हा मान असतो. खात नसल्यास तसे हसून सांगितलेले चालते, नाक मुरडलेले चालत नाही, कारण त्याचा अर्थ तेथे सर्वांनाच कळतो.

सामानाबाबत एक अडचण जवळपास प्रत्येक नव्या शिक्षकाला येते. जहाजाने खोकी पाठवायची, तर ती ठरलेल्या तारखेआधी दक्षिणेतल्या बंदरावर पोहोचवावी लागतात आणि नेमणुकीचे पत्र अनेकदा त्या तारखेनंतर हाती पडते. मग पहिल्या वर्षाची तजवीज विमानातील सामान, टपाल आणि गावातील महागडे दुकान यांवरच होते. जहाजाची यादी करायची संधी मिळते ती पुढच्या वसंतात, दुसऱ्या वर्षी परत येणार असल्याचे मुख्याध्यापकांना कळवल्यानंतर.